खोडावर उगवलेली बुरशी : आधी जागा पाहावी, मग नाव शोधावे

हवेत ओलावा वाढला की वर्षानुवर्षे ओळखीच्या असलेल्या झाडाच्या बुंध्याशी एखाद्या दिवशी तपकिरी, अर्धगोल आणि लाकडासारखी कठीण फळी बाहेर आलेली दिसते. ती पाहिल्यावर बहुतेकांच्या मनात दोनच विचार येतात : ती खरवडून टाकावी, किंवा झाडच तोडून मोकळे व्हावे. यांपैकी काहीही करण्यापूर्वी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि त्यावरून झाडाविषयी काय ठरवावे, हे नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी येथे मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी. खोडावर जे दिसते ते बुरशीचे केवळ फळ असते. खरी बुरशी लाकडाच्या आत, केसाहूनही बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात पसरलेली असते आणि बाहेर फळ धरण्याआधी ती तेथे कित्येक वर्षे राहिलेली असू शकते. या तंतुजालाला लाकडातून अन्न मिळते आणि बाहेरच्या फळाचे काम बीजाणू हवेत सोडणे एवढेच असते. फळ तोडल्याने झाड मरत नाही, तशीच फळी खरवडल्याने बुरशीही मरत नाही. उलट ती कोणती होती हे कळण्याचा सर्वांत सोपा पुरावा मात्र हातचा जातो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात ही चूक केली आहे. एका मोठ्या झाडाच्या बुंध्यावरची फळी मी कोयत्याने साफ केली, वर डांबर फासले, आणि काही महिन्यांनी जाणकार माणूस झाड पाहायला आला तेव्हा त्याला दाखवण्यासारखे माझ्याजवळ काहीच उरले नव्हते, एक छायाचित्रसुद्धा नव्हते.

पहिली पायरी : ती बुरशीच आहे ना, हे तपासावे

नवख्या निरीक्षकाला खोडावर दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी बुरशी वाटतात आणि त्यांतल्या बऱ्याच नसतात. सालीवर चिकटलेले करडे, हिरवट किंवा पिवळसर पापुद्रे, ज्यांच्या कडा कधी पानासारख्या सुट्या तर कधी रंग सांडल्यासारख्या सपाट असतात, ते दगडफूल म्हणजे लायकेन होय. त्यात बुरशी असते हे खरे, परंतु ती शैवालाच्या भागीदारीत राहते आणि झाडाकडून अन्न घेत नाही. झाड आधीच अशक्त होऊन पाने विरळ झाली असतील तर उजेड वाढल्यामुळे फांद्यांवर दगडफूल अधिक दिसू लागते, आणि मग रोगाचा आळ विनाकारण त्याच्यावर येतो. ते घासून काढण्याच्या खटपटीत साल सोलली जाते, एवढाच त्या श्रमांचा परिणाम.

हिरवे मऊ शेवाळ हेही निरुपद्रवी असते. फांदीत मुळे रोवून वाढणारे, स्वतःची हिरवी पाने असलेले बांडगूळ ही परजीवी वनस्पती आहे. ती झाडाचा रस घेते, पण तिच्यावर उपाय वेगळे. पानांवर काजळीसारखा काळा थर दिसला तर मावा किंवा पिठ्या ढेकूण यांच्यासारख्या किडींनी सोडलेल्या गोड चिकट द्रवावर वाढलेली ती वरवरची बुरशी असते, तिचा लाकडाशी संबंध नसतो. कुजक्या ओंडक्यावर किंवा बुंध्याभोवतीच्या पाचोळ्यावर एका रात्रीत पसरलेला पिवळा फेसासारखा लगदा हा बहुधा स्लाइम मोल्ड असतो. तो बुरशींच्या कुळातला नाही आणि झाडाला काही करत नाही.

झाडाखालच्या जमिनीतून वर आलेल्या प्रत्येक छत्रीकडेही संशयाने पाहू नये. अनेक बुरशी मुळांशी देवाणघेवाणीचे नाते ठेवून राहतात : जमिनीतले पाणी आणि फॉस्फरससारखी द्रव्ये झाडाला पोहोचवतात आणि मोबदल्यात साखर घेतात. या नात्याला १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. तेव्हा छत्री मातीतून आली आहे की मातीखाली दडलेल्या मुळातून किंवा जुन्या खुंटातून, हे बोटांनी माती हलकेच बाजूला करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी : जागा

माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नवे लोक नेमकी हीच ओलांडून थेट नावाच्या शोधात जातात. बुरशीचे शास्त्रीय नाव कळले नाही तरी ती झाडाच्या कोणत्या भागावर आहे आणि तो भाग जिवंत आहे की मेलेला, एवढे कळले तरी पुढचा निम्मा निर्णय होतो.

बुंध्यावर किंवा जमिनीतून वर आलेल्या जाड मुळांवर बुरशी असेल तर प्रकरण गंभीर धरावे. झाड उभे राहते ते या भागाच्या ताकदीवर, आणि वाऱ्याचा सारा ताण शेवटी येथेच येऊन पोहोचतो. मुळे कुजली तर हिरवेगार दिसणारे झाडसुद्धा मुळासकट उन्मळू शकते. बुंध्याभोवती पूर्ण फेरी मारावी, गवत आणि पाचोळा बाजूला करावा, आणि फळ्या एकाच बाजूला आहेत की सर्व बाजूंना, हे लिहून ठेवावे. एकाच बाजूच्या कुजीपेक्षा चारही बाजूंची कूज अर्थातच अधिक धोक्याची.

खोडाच्या मधल्या उंचीवर बुरशी दिसली तर तिच्या आसपास जुनी जखम शोधावी : तुटलेल्या फांदीचा खुंट, चुकीच्या छाटणीची खूण, वीज पडल्याची चीर, किंवा उन्हाने भाजून सुटलेली साल. बहुतेक लाकूडकुजव्या बुरशी अशाच दारांतून आत जातात. येथे धोका किती, हे आतली पोकळी किती मोठी आहे आणि तिच्या वर किती वजन आहे यावर ठरते.

वरच्या मेलेल्या फांदीवर उगवलेली बुरशी बहुतांशी मेलेले लाकूड खाणारी असते. फांदी सावलीत गेल्यामुळे किंवा दुष्काळामुळे मेली, मग बुरशी आली, असा क्रम असतो. ती फांदी खाली कोणाच्या अंगावर पडण्यासारखी असेल तर काढावी. नसेल तर घाई नाही.

तिसरी पायरी : जवळून पाहून नोंद करावी

आता वही काढावी. पहिल्या पाहणीत पुढील गोष्टी लिहिल्या म्हणजे पुरे होते : झाडाची जात, खोडाचा घेर, साधारण छातीच्या उंचीवर मोजलेला, बुरशीची जमिनीपासूनची उंची आणि दिशा, फळांची संख्या आणि सर्वांत मोठ्या फळाची रुंदी. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो, त्याचा पुढे उपयोग होईल. छायाचित्र घेताना फळाशेजारी मोजपट्टी धरावी आणि एकाच बुरशीची निदान तीन चित्रे घ्यावीत : वरून, खालून आणि संपूर्ण झाड दिसेल असे लांबून. खालची बाजू विसरली तर ओळख पटवणे जवळपास अशक्य होते, कारण बुरशींचे खरे वेगळेपण वरच्या रंगात कमी आणि खालच्या रचनेत जास्त असते.

खालच्या बाजूला कल्ल्यांसारख्या पातळ उभ्या पट्ट्या आहेत, सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे आहेत, की पृष्ठभाग गुळगुळीत आहे, हे आरशाचा तुकडा खाली धरून पाहता येते. त्यासाठी फळ तोडण्याची गरज नाही. मग हाताने दाबून पाहावे. ते लाकडासारखे कठीण, चामड्यासारखे चिवट, खुसखुशीत की जेलीसारखे लिबलिबीत? दरवर्षी नव्याने येणारे आणि सुकून जाणारे फळ सहसा मऊ किंवा रसाळ असते. अनेक वर्षे टिकणारे फळ लाकडासारखे कठीण असते आणि त्याच्या खालच्या अंगाला वाढीचा नवा थर चढत जातो. अशा फळाचा उभा छेद घेतला तर नलिकांचे थर एकाखाली एक दिसतात आणि त्यांवरून फळाच्या वयाचा अंदाज करता येतो, म्हणजेच आतली कूज त्याहून जुनी आहे हेही कळते.

छत्रीच्या आकाराची बुरशी असेल तर बीजाणूंचा रंग पाहणे फार उपयोगी पडते. एक छत्री देठापासून वेगळी करून, पट्ट्यांची बाजू खाली येईल अशी, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी, वर पेला पालथा घालावा आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी कागदावर पांढरी, गुलाबीसर, तपकिरी किंवा काळी रांगोळी उमटलेली असते. कागद दोन रंगांचा अशासाठी की पांढऱ्या बीजाणूंचा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. हा लेख बुरशी खाण्यासाठी ओळखण्याचा नाही आणि त्यासाठी तो वापरू नये. कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या गॅलेरिना मार्जिनाटा या लहानशा तपकिरी छत्रीत यकृत निकामी करणारी अमाटॉक्सिन ही विषे असतात. ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत, आणि लक्षणे अनेक तास उशिरा दिसू लागत असल्यामुळे माणूस सावध होईपर्यंत विष शरीरात भिनलेले असते. हाताळण्याने मात्र अपाय होत नाही. नंतर हात धुवावेत एवढेच.

चौथी पायरी : कूज कोणत्या जातीची आहे

लाकडाची ढोबळ रचना सळया आणि सिमेंट यांच्यासारखी समजावी. सेल्युलोजचे लांब धागे ताण सोसतात आणि त्यांच्यामध्ये भरलेले लिग्निन दाब सोसते. बुरशी यांपैकी काय खाते यावर लाकडाचे पुढे काय होणार हे ठरते.

लिग्निन खाणाऱ्या बुरशींमुळे पांढरी कूज होते. यांतल्या काही लिग्निनसोबत सेल्युलोजही खातात. लाकूड फिके, तंतुमय आणि ओल्या दोऱ्यांच्या पुंजक्यासारखे होते. ते काही काळ लवचीक राहते, त्यामुळे झाडाला बुंध्याशी फुगवटा वाढवून स्वतःला आधार देण्यास वेळ मिळतो, आणि बुंधा बाटलीसारखा फुगलेला दिसला तर आत अशी कूज असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. तपकिरी कूज करणाऱ्या बुरशी सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे ठेवतात. मग लाकूड गडद तपकिरी होते, आडवे-उभे तडकून चौकोनी ढेकळे पडतात आणि बोटांत चुरडले की भुगा होतो. ही कूज अधिक फसवी असते, कारण वजनात फारशी घट होण्यापूर्वीच लाकडाची ताकद बरीच गेलेली असते आणि फांदी काहीही सूचना न देता मोडते. तिसरी मऊ कूज. तिच्यात बुरशी पेशींच्या भिंतींतच बारीक पोकळ्या करत जाते आणि लाकूड शेवटी चिनी मातीच्या भांड्यासारखे ठिसूळपणे तुटते.

ही परीक्षा करण्यासाठी खोडाला भोक पाडू नये. तुटून पडलेली फांदी, जुन्या खुंटाचे तोंड किंवा ढोलीच्या कडेचा सैल भुगा यांवरून पुरेसे कळते.

पाचवी पायरी : काही बुरशींशी ओळख

नवख्याने शंभर नावांच्या मागे लागू नये. पुढील मोजक्या बुरशी किंवा त्यांचे जवळचे भाऊबंद जगाच्या मोठ्या भागात आढळतात.

गॅनोडर्मा हे नाव सर्वांत आधी शिकावे. बुंध्यावर रुंद, कठीण फळ्या. काही जातींत वरची बाजू लालसर-तपकिरी आणि लाखेचा लेप दिल्यासारखी चकचकीत, काहींत राखाडी-तपकिरी आणि खडबडीत. वाढती कड पांढरी. खाली बारीक पांढरी छिद्रे. गॅनोडर्मा अप्लानाटम या जातीच्या खालच्या पांढऱ्या पृष्ठभागावर नखाने ओढले की रेघ लगेच तपकिरी होते आणि सुकल्यावर तशीच टिकते, म्हणून चित्रकार त्यावर चित्रे काढत आले आहेत. फळीच्या वर आणि आसपासच्या पानांवर कोको पावडरीसारखी तपकिरी धूळ साचलेली दिसली तर ते तिचे बीजाणू होत. या बुरशी मुळे आणि बुंधा आतून कुजवतात. ताडवर्गीय झाडांत गॅनोडर्मा विशेष घातक ठरते, कारण त्या झाडांच्या खोडात नवे लाकूड तयार करणारा थरच नसतो आणि झालेली हानी भरून निघत नाही.

आर्मिलारिया बुंध्याशी मधाच्या रंगाच्या छत्र्यांच्या झुबक्यांनी ओळखू येते. तिच्या देठावर बहुधा कडे असते आणि बीजाणूंचा ठसा पांढरा उमटतो. गॅलेरिनाचा ठसा तपकिरी असतो, तेव्हा या दोघींत गल्लत होण्याची भीती असताना तो कागद किती कामाचा आहे हे ध्यानात येईल. छत्र्या थोडे दिवसच टिकतात, परंतु बुंध्याची सैल साल उचलली तर तिच्याखाली कागदासारखा पांढरा पापुद्रा आणि बुटाच्या नाडीसारख्या काळ्या दोऱ्या सापडतात. या दोऱ्यांनी ती मातीतून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाते. जिवंत मुळांवर हल्ला करून झाडे मारणाऱ्या मोजक्या बुरशींत तिच्या काही जाती मोडतात. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या मॅल्यूर राष्ट्रीय वनात हिचे एकच तंतुजाल सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलेले आढळले आहे.

जळक्या कोळशाच्या खपलीसारखे काहीतरी बुंध्याच्या सांदीत चिकटलेले दिसले तर ते जुन्या आगीची खूण समजून सोडून देऊ नये. ती क्रेट्झश्मारिया ड्युस्टा असू शकते. कोवळेपणी तिचा थर करडा आणि पांढऱ्या कडेचा असतो, पुढे तो काळा आणि ठिसूळ होतो. फळ्यांसारखे ठसठशीत असे तिच्यात काहीच नसल्यामुळे अनुभवी माणसाच्या नजरेतूनही ती निसटते, आणि वरचा पर्णभार चांगला असताना झाड बुंध्याशी कडकन मोडते.

एकावर एक रचलेल्या, गंधकासारख्या पिवळ्या-नारिंगी, रसाळ फळ्या म्हणजे लॅटिपोरस. दुरूनही ओळखू येतात. त्यांच्यामुळे गाभ्यात तपकिरी कूज होते. घोड्याच्या खुरासारखे करडे, कठीण, वर्षानुवर्षे टिकणारे फळ फोमेस फोमेंटारियसचे असते. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या हिममानवाजवळ आग पेटवण्यासाठी जवळ बाळगलेले तिचे तुकडे होते.

उरलेल्या तिघी-चौघी बहुधा मेलेल्या लाकडावरच असतात आणि त्यांना पाहून घाबरण्याचे कारण नाही. शिझोफायलम कम्युन ही नखाएवढ्या ते दोन-चार सेंटिमीटरच्या पांढऱ्या लवदार पंख्यांची असते. खालच्या पट्ट्या लांबीत दुभंगलेल्या दिसतात, कोरड्या हवेत त्या मिटून घेतात आणि ओल मिळाली की पुन्हा उघडतात. ट्रॅमेटीस व्हर्सिकलर पातळ, रंगीत पट्ट्यापट्ट्यांची, खाली पांढऱ्या छिद्रांची. ऑरिक्युलॅरिया कानाच्या पाळीसारखी तपकिरी आणि लिबलिबीत. डाल्डिनिया म्हणजे कोळशाच्या गोळ्यासारखी गोल बुरशी, जी कापली की आत एकात एक वलये दिसतात. यांच्यापैकी शिझोफायलम जिवंत झाडाच्या उन्हाने भाजलेल्या सालीवरही येते. तेव्हा बुरशीपेक्षा त्या भाजण्याची काळजी करावी.

सहावी पायरी : झाडाचीच तपासणी

आता नजर बुरशीवरून झाडाकडे वळवावी. शेंड्याकडच्या फांद्या वाळत आहेत का, पाने नेहमीपेक्षा लहान किंवा विरळ आहेत का, खोडाला उभी चीर पडली आहे का, एका बाजूची माती उचलल्यासारखी किंवा भेगाळलेली दिसते का, झाड अलीकडेच कलले आहे का, हे पाहावे. जन्मापासून कललेल्या झाडाचा शेंडा वर वळलेला असतो. नव्याने कललेल्या झाडाचा शेंडाही त्याच दिशेला कललेला राहतो, आणि सोबत माती उचललेली असेल तर त्या झाडाखाली उभे राहू नये.

हिरवा पर्णभार पाहून निश्चिंत होण्याचा मोह टाळावा. पाणी वाहून नेण्याचे काम खोडाच्या बाहेरच्या अंगाचे लाकूड करते, गाभ्याचे नाही. त्यामुळे आतून पूर्ण पोकळ झालेले झाड भरभरून फुलू शकते. उलट बाजूही तितकीच खरी आहे : पोकळ झाड म्हणजे पडणारे झाड असेही नाही, कारण नळीचा आकार मुळातच मजबूत असतो. लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने खोडावर सर्व बाजूंनी हलके ठोकत गेले तर भरीव आणि पोकळ भागांचा आवाज वेगळा येतो, आणि थोड्या सरावाने पोकळीची सीमा खडूने आखता येते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांनी पडलेल्या झाडांच्या मोजणीवरून असे मांडले की उरलेल्या निरोगी भिंतीची जाडी त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांहून कमी झाली की मोडण्याचा धोका वाढतो. व्यास ६० सेंटिमीटर असेल तर त्रिज्या ३० आणि आवश्यक भिंत सुमारे ९ सेंटिमीटर, असा हा हिशेब. यावर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि उघडी ढोली, उंची, वाऱ्याचा मारा यांमुळे उत्तर बदलते, म्हणून याला निकाल न मानता सावध होण्याची खूण मानावी. क्रेट्झश्मारियाच्या बाबतीत ठोकून पाहण्यावर विसंबू नये, कारण ठिसूळ झालेले लाकूडही भरीव आवाज देऊ शकते.

सातवी पायरी : निर्णय

धोका हा तीन गोष्टी मिळून ठरतो : मोडण्याची शक्यता, मोडणाऱ्या भागाचे वजन आणि खाली काय आहे. मोकळ्या माळावरचे पोकळ झाड आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेवरचे तसेच झाड यांच्यासाठी निर्णय सारखा नसतो. पहिल्यासाठी काहीच न करणे हा रास्त निर्णय असू शकतो. दुसऱ्यासाठीही तोडण्यापूर्वी बाक किंवा पायवाट बाजूला हलवणे, वरच्या फांद्या थोड्या आखूड करून वाऱ्याचा भार कमी करणे, हे पर्याय विचारात घ्यावेत. बुंध्यावर किंवा मुळांवर बुरशी असून खाली माणसांचा वावर असेल तर मात्र स्वतःच्या अंदाजावर थांबू नये. ध्वनिलहरींनी किंवा बारीक सुईच्या यंत्राने आतल्या लाकडाची तपासणी करणाऱ्या प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाला बोलवावे. मोठ्या झाडावर चढून करवत चालवणे हे नवख्याचे काम नव्हे.

खोडाच्या आत पसरलेली कूज काढून टाकणारे कोणतेही औषध नाही. बोर्डो मिश्रणासारखी बुरशीनाशके पानांच्या रोगांवर उपयोगी असली तरी गाभ्यापर्यंत पोहोचत नाहीत. ढोलीत सिमेंट भरणे ही पूर्वी सर्रास चालणारी पद्धत आता सोडून दिलेली आहे, कारण झाड वाऱ्याने हलते, सिमेंट हलत नाही, आणि त्यांच्या घर्षणाने नव्या जखमा होतात. ढोलीतले पाणी निघावे म्हणून भोक पाडणे हा त्याहून वाईट उपाय, आणि तो का वाईट हे समजण्यासाठी झाड स्वतःचा बचाव कसे करते ते पाहिले पाहिजे.

झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. कुजलेली पेशी पुन्हा नवी होत नाही. झाड त्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून ही प्रक्रिया अभ्यासली आणि १९७० च्या दशकात ती चार भिंतींच्या रूपात मांडली. खोडात वर-खाली पसरण्याला अडवणारी पहिली भिंत सर्वांत कमकुवत असते, आतल्या दिशेची आणि बाजूंची क्रमाने अधिक बळकट, आणि जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाला वाचवणारी चौथी सर्वांत भक्कम. ढोली खरवडून ‘स्वच्छ’ करणारा किंवा तिला भोक पाडणारा माणूस झाडाने वर्षानुवर्षे उभारलेली ही तटबंदी फोडून बुरशीला निरोगी लाकडाचा रस्ता दाखवतो.

आठवी पायरी : पुढच्या बुरशीला दार मिळू नये म्हणून

फांदी कापायची झाली तर कोठे कापावी याला महत्त्व आहे. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. झाडाची बचावाची यंत्रणा तेथेच असते. काप या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. कड्यासह खोडालगत सपाट कापले तर जखम मोठी होते आणि बचाव उरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो आणि बुरशीला आतपर्यंत नेतो. जड फांदीसाठी तीन काप घ्यावेत : पहिला खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, खालून वर, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली, म्हणजे फांदी साल न सोलता गळून पडते, आणि तिसरा उरलेल्या खुंटाचा, कड्याच्या बाहेर. एका वर्षात पर्णभाराच्या एक चतुर्थांशाहून अधिक काढू नये. कापावर डांबर किंवा रंग लावून कूज थांबत नाही, हे शायगो यांच्याच प्रयोगांत दिसून आले होते. काप उघडा ठेवावा. रोगट झाडावर वापरलेली करवत दुसऱ्या झाडाला लावण्यापूर्वी ७० टक्के अल्कोहोलने पुसावी.

मुळांच्या बाबतीत लोक सर्वाधिक बेफिकीर असतात. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे ६० सेंटिमीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. ढोबळ हिशेब असा की खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येच्या वर्तुळात खणू नये, वाहने उभी करू नयेत आणि मातीची भर घालू नये. ५० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला हे वर्तुळ ६ मीटर त्रिज्येचे होते. नळासाठी खणलेला एक चर मुळांचा मोठा हिस्सा तोडतो, आणि फळ्या दिसतात तेव्हा तो चर कोणाच्या आठवणीतही उरलेला नसतो.

बुंध्याशी खोड जेथे पसरट होऊन मुळांत उतरते तो भाग उघडा दिसला पाहिजे. पाचोळ्याचे किंवा लाकडी ढलप्यांचे आच्छादन ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे घालावे आणि ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे. बुंध्याला टेकवलेला ढीग साल कायम ओली ठेवतो. पाणी खोडाशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली, सावकाश आणि खोल मुरेल असे द्यावे. गवत कापण्याच्या यंत्राची दोरी सालीला लागू देऊ नये, खिळे ठोकू नयेत, आधारासाठी बांधलेली तार वेळेवर सोडावी.

यानंतर वर्षातून दोनदा, एकदा ओलाव्याच्या हंगामाच्या शेवटी आणि एकदा झाड निष्पर्ण किंवा विरळ असताना, तीच वही घेऊन तीच फेरी पुन्हा मारावी आणि छायाचित्रे त्याच जागेवरून घ्यावीत. फळी किती सेंटिमीटर वाढली, नवी कोठे आली, शेंडा कसा आहे, एवढे लिहिले तरी दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या तज्ज्ञासाठी ती वही कोणत्याही यंत्राइतकी उपयोगी ठरते. मोठे वादळ होऊन गेले तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी बुंध्याभोवतीची माती पाहून यावे.